कडेला कोण?

रविवारचं मिस संपलं आणि कपेलाच्या, म्हणजे गावच्या छोट्या चर्चच्या, पायऱ्यांवर उभं राहून पियेदादने सांगितलं, की ती शेतातले आळसांदे, म्हणजे चवळीचे वेल, उपटणार आहे.

"शेंगा धरायच्या आतच उपटते," ती म्हणाली. "दोन्ही कडांचे. संताच्या फेस्ताचा सामना यंदा सगळ्या शेतावर होऊ दे. माझा पोरगा बस्त्यांव ह्याच शेतात उजव्या कडेने पळायचा. तो गेल्यापासून त्या कडेला कोणी पळालेलं मी बघितलं नाही."

फादर लिगोर यांनी चष्मा काढून पुसला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांचे डोळे रोमुआल्दकडे वळले, कारण आंबेभाटच्या फुटबॉल संघाचा कोच तो, आणि ह्या कडा मागायला दरवर्षी पियेदादच्या दारात जाणारा माणूसही तोच. रोमुआल्दने टोपी काढली, "देव बरें करूं, माना" म्हणत थोरल्या बहिणीचे मानावे तसे आभार मानले, आणि घरी येऊन जेवला नाही. त्याची बायको सेवेरीन हिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. भर वादळातही जहाजावर दोन्ही वेळा जेवणारा हा माणूस शागुतीचं ताट बाजूला सारतो म्हणजे काहीतरी गंभीर असणार, हे तिने ओळखलं.

गंभीर होतंच. आंबेभाटचं मैदान म्हणजे पियेदादचं भाताचं शेत. भात कापून झालं की फेस्तापर्यंत ते संघाला मिळे. मात्र दोन्ही कडांना, पाटाला लागून, पियेदाद आळसांद्याचे लांबच लांब वाफे करी आणि चुन्याच्या रेघा त्या वाफ्यांच्या आत मारल्या जात. उरे ती एक लांबोळकी पट्टी. चेंडू वाफ्यात गेला की पियेदाद तो मांडीखाली घेऊन बसे आणि सामना संपेपर्यंत देत नसे. चेंडूमागे माणूस गेला तर त्याचा कान धरी, मग तो पाहुण्या संघाचा असो की शिट्टीवाला रेफरी असो. तालुक्यात कडेने वाऱ्यासारखे पळणारे भले भले खेळाडू आंबेभाटला आले की रेघेपासून अंग चोरून चालत.

ह्या अडचणीतून रोमुआल्दने शास्त्र काढलं होतं. त्याचा सगळा जन्म जहाजावर स्वयंपाक करण्यात गेला. तिथल्या अरुंद भटारखान्यात चौघे आचारी पाऊल न हलवता एकमेकांच्या हातात कढया देतात, तसा त्याच्या मधल्या फळीतल्या चौघांनी चेंडू द्यायचा. एक मागे, एक पुढे, दोघे दोन बाजूंना, आणि तेसुद्धा इतके चिकटून की एकाला शिंक आली तर चौघांनी रुमाल काढावा. ह्या रचनेला तो 'हिरा' म्हणे. त्या पट्टीवर हिरा असा फिट्ट बसे की समोरच्याला मधून जायला वाट नाही, आणि कडेने जावं तर पियेदाद. फेस्ताचा चषक तीन वर्षं गावातून हलला नव्हता.

बाहेरगावी गेलं की मात्र संघ सपाटून हरे. त्याचं खापर रोमुआल्द आळसांद्यांवर फोडी. पोरांना कडेने खेळायची सवय लागणार कशी, जागा आहे का आम्हाला, असं तो चारचौघांत तळमळून बोले. मग कोणीतरी म्हणे, जाऊन पियेदादला विचार. तो जाई, ती नाही म्हणे, आणि तो अत्यंत समाधानाने घरी येई. असं सगळं सुरळीत चाललं होतं.

गावात हिऱ्याला विरोध करणारा माणूस एकच, इनास. हा सेवेरीनचा भाऊ, म्हणजे रोमुआल्दचा कुन्याद. त्याची तिठ्यावर ताव्हेर्न होती, त्यामुळे त्याचं मत ऐकल्याशिवाय कोणाला फेणी मिळत नसे. तो टेबलावर चार ग्लास एकत्र ठेवी आणि फेणीची बाटली टेबलाच्या कडेकडेने सरकवत नेई. "आता हिला कोण अडवतो ते सांगा," तो म्हणे. "कडेला आपला एकटा बचाववाला. समोरून दोघे आले की तो मेला. मधला ग्लास त्याच्या मदतीला सरकवला, तर हे बघा, मधे भोक." प्रत्येक सामन्याला तो बांधावर बसून एकच प्रश्न विचारी, "कडेला कोण?" आणि प्रत्येक सामन्याला पियेदाद दुरून उत्तर देई, "मी आहे."

यंदा फेस्ताच्या समितीने ह्या वादाचा निकाल लावायचं ठरवलं होतं. चषक राहिला तर कोच रोमुआल्द, गेला तर इनास. ह्यात दुसऱ्या कोणाचं काही जाणार नव्हतं. रोमुआल्दचं सगळंच जाणार होतं. जहाज सोडून घरी आल्यावर त्याला कळलं होतं की इथे आपली वाट पाहणारं कोणी नाही. बायकोला त्याच्यावाचून राहायची सवय झाली होती, आणि स्वयंपाकघरात ती त्याला शिरू देत नव्हती. संध्याकाळी शेतावर गेलं की पोरं काकाला हाक मारावी तशी हाक मारून विचारायची, "तितीव, आज काय करायचं?" त्या एका प्रश्नावर तो दिवस काढायचा. हे तो कधी कोणाला बोलला नव्हता. सेवेरीनला न बोलताच ठाऊक होतं.

म्हणून सोमवारी तो दोदोलाची वडी घेऊन पियेदादकडे गेला. ती अंगणात आळसांद्याचे उपटलेले वेल बैलापुढे टाकत होती. उजव्या कडेचे सगळे उपटून झाले होते.

"माना," रोमुआल्द म्हणाला, "एवढं नुकसान कशाला करून घेतेस? आम्ही काय, सवयीने खेळू थोड्या जागेत. डाव्या कडेचे तरी राहू दे."

पियेदादने हातातला वेल खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले. "रोमू, तू एवढा चांगला असशील असं मला वाटलं नव्हतं. इतकी वर्षं माझ्या दारात येऊन मागत राहिलास, आणि मी देते म्हटल्यावर माझंच नुकसान बघतोस. आता तर मी डावीकडचे आजच उपटते."

तिने खरोखरच पदर खोचला, आणि रोमुआल्दला तिच्याबरोबर वाकून डाव्या कडेचे आळसांदे उपटू लागावं लागलं. रस्त्याने जाणारे लोक थांबून ते दृश्य बघत होते. इनासही सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "वा, कुन्याद. आता बघू या, कडेला कोण ते."

त्या आठवड्यात रोमुआल्दने पोरांना पसरून खेळवून पाहिलं. पण तीन वर्षांची सवय पायात मुरलेली. रॉक नावाचा पोरगा संघात सगळ्यांत वेगवान होता. तो चेंडू घेऊन उजवीकडे सुसाट निघे, जुनी रेघ होती तिथे येऊन गचकन थांबे, कान झाकून घेई आणि पियेदाद कुठे आहे ते बघे. पियेदाद बांधावर खुर्ची टाकून बसलेली असे आणि "पळ रे बाबा, पळ" म्हणून त्याला हाताने पुढे ढकलल्यासारखं करी. तो तिच्याकडे बघून आणखीनच मधे येई. जोकिम हा हिऱ्याचा मागचा कोपरा, अंगाने आडवा आणि स्वभावाने शांत. त्याने सरळ विचारलं, "तितीव, मैदान मोठं झालं तर आपण पण मोठं व्हायचं का?" रोमुआल्दने सराव तिथेच संपवला.

फेस्ताच्या आदल्या दिवशी, शनिवारी, जेवल्यावर त्याला मार्ग सुचला. दुपारी आंबेभाट झोपतं. ताव्हेर्न बंद, कपेल बंद, कुत्रीसुद्धा ओटीखाली. पाट शेताच्या दोन्ही कडांनी वाहतो. त्याला दोन्हीकडे खाच पाडली की कडा भिजतील, चिखल होईल, आणि उद्या तिथे पळायची कोणाची टाप नाही. मधली पट्टी कोरडी राहील आणि तिच्यावर हिरा चमकेल. कोणी विचारलंच तर पाट फुटला म्हणायचं. त्याच्या स्वतःच्या घरी पळ्या आणि झारे भरपूर, फावडं एकही नाही. वाटेत एका गोठ्याला टेकून ठेवलेलं दिसलं, ते त्याने उचललं. दोन्ही कडांना बेतशीर खाचा पाडल्या, पाणी झुळझुळत शेतात शिरताना पाहिलं, आणि घरी येऊन आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोपला.

रविवारी सकाळी फेस्ताच्या मिसाला जाताना सेवेरीनच आधी थांबली. "अरे, तो बगळा बघ," ती म्हणाली.

बगळा शेताच्या बरोबर मध्यभागी, जिथे चेंडू ठेवून सामना सुरू करतात तिथे, एका पायावर उभा होता. त्याच्या भोवती आभाळ दिसत होतं. रोमुआल्दला समजायला थोडा वेळ लागला. तीन वर्षं अख्खा संघ त्या मधल्या पट्टीवरच नाचला होता, समोरचे संघही तिथेच नाचले होते, आणि सगळ्यांनी मिळून ती जमीन तुडवून तुडवून परातीसारखी खोल करून ठेवली होती. पाणी कडांवरून गेलं आणि मधे जाऊन बसलं. संध्याकाळी पाटाचं पाणी वरून बंद होतं, त्यामुळे कडा रात्रीतून सुकल्या होत्या. त्यांच्यावर पळायचा मोह कोणालाही झाला असता.

सामना पुढे ढकलावा असं रोमुआल्दने फादरना सुचवलं. फादर म्हणाले, बँड आज आला आहे, सोरपोतेल आज शिजलं आहे, आणि संत काही पुढल्या रविवारी परत येणार नाही. सामन्याला आलेला शिरोट गावचा संघ तर ट्रकमधून उतरलाही होता. तेवढ्यात इनास पाटावरून फिरून आला. तो नेहमीसारखा बोलला नाही. रोमुआल्दच्या कानाजवळ येऊन एवढंच म्हणाला, "पाट फुटलेला नाही, कुन्याद. कापलेला आहे. दोन्हीकडे, एका मापाचा. सामना होऊ दे, मग मांडवात सगळ्यांसमोर बोलतो मी."

शिरोटने पहिला गोल केला तेव्हा रोमुआल्दचा हिरा घोट्यापर्यंत चिखलात होता. शिरोटचा उजवा पोरगा सुक्या कडेने आला, त्याच्या मागून आणखी एक आला, आणि आंबेभाटचा एकटा बचाववाला बाबुश दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याने मदतीला जोकिमला हाक मारली. जोकिमने एक पाय उपसला. दुसरा उपसेपर्यंत चेंडू जाळ्यात होता. दुसरा गोल अगदी तसाच झाला, फक्त डावीकडून. तिसऱ्या वेळेला जोकिम वेळेवर पोचला, पण तो बाहेर आल्यामुळे मधे जे भोक पडलं त्यातून शिरोटचा कप्तान चालत गेला. चार ग्लास आणि एक बाटली, जसंच्या तसं. बांधावरून आता इनास नव्हे, अख्खा गाव विचारत होता, "कडेला कोण?" इनास मात्र सामना सोडून पाटाकडे बघत होता.

मध्यंतरात रोमुआल्दने पोरांना लिंबाच्या फोडी वाटल्या आणि सांगितलं, काही बदलायचं नाही, चिखल सुकेल, हिरा सोडायचा नाही.

"तितीव," जोकिम म्हणाला, "माझे दोन्ही बूट आत राहिले. मी तिथे परत जात नाही. मी कडेला उभा राहतो, सुकं आहे तिथे."

"तू कडेला गेलास तर मधे कोण?"

"मधे कोणीच नको. मधे बगळा राहू दे."

तो अनवाणी चालत डाव्या कडेला जाऊन उभा राहिला. त्याचं पाहून दुसरा उजवीकडे गेला, रॉक त्याच्याही पुढे गेला. रोमुआल्द "मधे या, मधे या" म्हणून हात हलवत ओरडत होता, पण फेस्ताचा बँड नेमका त्याच वेळी सुरू झाला आणि लांबून बघणाऱ्यांना वाटलं, कोच पोरांना हाताने दोन्हीकडे पसरवतो आहे.

शिरोटच्या कोचने तीन गोलांची पुंजी सांभाळायची म्हणून आपली सगळी माणसं मागे ओढून मधे गोळा केली. जिंकत असलेला माणूस मधेच गोळा होतो. ती सगळी त्या परातीत रुतली. आंबेभाटचा पहिला गोल जोकिमच्या कडेने आला, दुसरा उजवीकडून, तिसरा कसा झाला ते चिखलामुळे कोणालाच नीट दिसलं नाही, पण रेफरीने शिट्टी वाजवली.

मग शेवटी शेवटी रॉकच्या पायात चेंडू आला. तो उजव्या कडेने निघाला. आळसांद्यांची जुनी रेघ आली, आणि सवयीने त्याचा एक हात कानाकडे गेला. खुर्चीतून पियेदाद उठून उभी राहिली. तिचा आवाज फाटला होता.

"थांबलास तर खरंच धरीन कान. पळ."

रॉक पळाला. पाटाच्या अंगाला अंग घासून, शेताच्या टोकापर्यंत. ज्या म्हाताऱ्यांनी बस्त्यांवला पाहिलं होतं ते नकळत उभे राहिले. रॉकने चेंडू उंच उडवून आत टाकला. तो गोलापुढच्या एका डबक्यात पडला आणि मेल्यासारखा जागीच राहिला. शिरोटचा गोली तो उसळायची वाट बघत होता. जोकिम डाव्या कडेने सावकाश चालत आला आणि अनवाणी पायाने त्याने चेंडू आत ढोसला.

मांडवात रोमुआल्दला खांद्यावरून आणलं तेव्हा त्याचं लक्ष इनासकडे होतं. इनास बाकावर चढला. बँड थांबला. फादरांनी ताट बाजूला ठेवलं.

"मी पाट बघून आलोय," इनास म्हणाला. "तो फुटलेला नाही. रोमुआल्दने मुद्दाम कापला."

रोमुआल्दने डोळे मिटले. आता गेलं, असं त्याला वाटलं, आणि सोमवारी संध्याकाळी आपण काय करणार हा विचार त्याच्या मनात येऊन गेला.

"तीन वर्षं मी ओरडतोय, कडेने खेळा," इनास पुढे बोलत होता. "पोरं ऐकत नव्हती. ह्याने काय केलं? तोंडाने काही बोलला नाही. मधेच पाणी सोडलं. मधे उभंच राहता येणार नाही अशी सोय केली, म्हणजे पोरं आपोआप कडेला जातील. मला ग्लास मांडता येतात, कुन्याद, पण हे मला सुचलं नसतं. कोच तूच." आणि त्याने सगळ्यांसमोर खाली उतरून रोमुआल्दला मिठी मारली. "फक्त मला आधी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं," रोमुआल्द म्हणाला, "तर ताव्हेर्नमार्गे शिरोटला कळलं असतं."

ह्यावर सगळे हसले, इनास सगळ्यांत जास्त. समितीने तिथल्या तिथे ठरवलं, की रोमुआल्द जगेपर्यंत कोच तोच, आणि आंबेभाट ह्यापुढे त्याच्याच पद्धतीने, म्हणजे कडांनी, खेळेल. हिऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. रोमुआल्दनेही काढलं नाही. पोरं भोवती जमून विचारत होती, "तितीव, उद्या काय करायचं?" आणि तो एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत होता.

गर्दी पांगल्यावर पियेदाद त्याच्यासाठी ताट घेऊन आली. आळसांदे होते, चोरिस सॉसेजांत शिजवलेले, गेल्या वर्षी वाळवून ठेवलेल्यांतले शेवटचे.

"जेव," ती म्हणाली आणि शेजारी बसली. तो जेवू लागल्यावर हळूच म्हणाली, "रोमू, तुझं वय असेल तेवढी वर्षं मी त्या शेताला पाणी देते. कडेने सोडलं की ते मधेच जातं. साचलेल्या पाण्यात आळसांदा कुजतो, म्हणून तर मी तो कडांना पेरायची."

रोमुआल्दचा घास हातात राहिला.

"तुला बस्त्यांवची कड बुडवायची होती," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. "हो, माना."

पियेदादने मांडवाबाहेर शेताकडे पाहिलं. "रॉक चांगला पळाला," ती म्हणाली. "अगदी त्याच्यासारखा नाही, पण चांगला. मी कोणाला सांगणार नाही. उद्या दुपारी गाव झोपला की ये. आणि येताना माझं फावडं घेऊन ये, गोठ्यापाशी ते दिसत नाही."

सोमवारी दुपारी आंबेभाट झोपलं होतं. शेतात तालुक्यातला सगळ्यांत नावाजलेला कोच घामाघूम होऊन टोपल्या वाहत होता आणि ती खोल पट्टी भरून काढत होता. बांधावर छत्री धरून पियेदाद खुर्चीत बसली होती. एकामागून एक टोपली तो शेताच्या बरोबर मध्यभागी ओतत होता, जवळ जवळ, एकीला चिकटून एक.

"रोमू," ती म्हणाली, "सगळी माती मधेच ओततोस. कडेला कोण?"